कारखान्याचा वारसा आणि एमबीएचा मुहूर्त

चंदीगडच्या पूर्व अंगाला, रेल्वेमार्गालगत, इंडस्ट्रियल एरियाचे फेज १ आणि फेज २ असे दोन भाग आहेत. शेजारच्या मोहालीत १९७०च्या दशकात ‘स्वराज’ ट्रॅक्टर तयार होऊ लागला आणि परिसरातील लहान कारखान्यांना सुट्या भागांचे काम मिळू लागले. पुढे २००५ मध्ये येथील औद्योगिक भूखंडांचा व्यापारी वापर करण्याची मुभा देणारी योजना आली, तर २०१३ मध्ये फेज १ मध्ये एलान्ते हा भव्य मॉल उभा राहिला. साहजिकच कारखानदाराच्या घरात प्रश्न उभा राहतो : पुढच्या पिढीने लेथ चालवावी, जागेचे रूपांतर करावे, की दोन्ही सोडून नोकरी धरावी? या चर्चेत कोणीतरी हमखास म्हणतो, ‘आधी एमबीए तर होऊ दे!’ आपल्या सातपूर, चिकलठाणा वा शिरोलीतील घरांनाही हे संवाद परके नाहीत.

‘आधी’ या शब्दापाशी मात्र थांबायला हवे. लघुउद्योगाचे बिल ४५ दिवसांत चुकते व्हावे असे २००६चा कायदा सांगतो. ते वसूल करण्यासाठी ज्याने खरेदी विभागाचे उंबरे झिजवले आहेत, त्याला खेळत्या भांडवलावरचे व्याख्यान वेगळ्याच अर्थाने ऐकू येते. पदवीनंतर लगेच वर्गात बसलेल्या मुलाला तेच प्रकरण परीक्षेपुरते उरते. म्हणून घरचा व्यवसाय सांभाळू इच्छिणाऱ्याने दोन-तीन वर्षे, शक्यतो दुसऱ्याच्या कारखान्यात, काढलेली बरी. ज्याला बँकिंग किंवा सल्लागार क्षेत्रात नोकरीच हवी आहे, त्याचे गणित निराळे. त्याला दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि मधल्या उन्हाळ्यातील प्रशिक्षण उपयोगी पडते. एक वर्षाच्या अभ्यासक्रमांत ती सवड सहसा नसते.

संस्थेची निवडही यावरूनच ठरावी. चंदीगडमध्ये पंजाब विद्यापीठाचे युनिव्हर्सिटी बिझनेस स्कूल आहे. तेथे ‘कॅट’च्या गुणांवर प्रवेशाची वाट उघडते. मोहालीत २०१२ पासून इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचा परिसर आहे. तेथील एक वर्षाचा प्रमुख अभ्यासक्रम मुख्यतः अनुभवी उमेदवारांसाठी आहे. कौटुंबिक उद्योगातील तरुणांसाठी या संस्थेचा आणि मुंबईच्या एस. पी. जैन संस्थेचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. त्यांचे वर्ग टप्प्याटप्प्याने भरतात, त्यामुळे कारखान्याला टाळे लावावे लागत नाही. क्रमवारीतल्या दोन-चार पायऱ्यांपेक्षा ही सोय कितीतरी मोलाची. पण जाहिरातींत ती ठळक अक्षरांत क्वचितच दिसते.

आता पैशांविषयी. उदाहरणादाखल, २० लाख रुपयांचे कर्ज १० टक्के व्याजाने १० वर्षांत फेडायचे तर मासिक हप्ता सुमारे २६,४०० रुपये बसतो. शिवाय महिना ५० हजारांची नोकरी दोन वर्षे सोडली, तर १२ लाखांची मिळकत बुडते. हा खर्च कोणत्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो! शैक्षणिक कर्जाची परतफेड साधारणतः अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होते, पण व्याजाची आकारणी त्याआधीपासूनच चालू असते. शिकत असतानाच ते भरत राहिल्यास पुढील ओझे हलके होते. जुनी करप्रणाली निवडणाऱ्यास या व्याजाची वजावट ८ वर्षांपर्यंत घेता येते. कर्जाच्या अर्जासोबत पालकांनी कारखान्याचा ताळेबंदही मुलासमोर ठेवावा. घराच्या नावावर आधीच किती कर्ज आहे, हे अनेक मुलांना सहकर्जदाराच्या रकान्यात वडिलांची सही होताना प्रथमच कळते.

वेळेचा निर्णय लगेच होत नसेल, तर परीक्षा तरी देऊन ठेवता येते. ‘कॅट’चे गुण फक्त पुढील प्रवेशवर्षापुरते चालतात; ‘जीमॅट’चे मात्र ५ वर्षे ग्राह्य असतात. महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षी, अभ्यासाची सवय असताना, ती परीक्षा द्यावी आणि खुशाल कारखान्यात रुजू व्हावे.