नातवंडं सांभाळणाऱ्या आजीसाठी

आई-वडील गेल्यावर मूल आजीकडे किंवा मामाकडे वाढत असेल, तर महाराष्ट्रात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून त्याच्यासाठी दरमहा 2250 रुपये मिळू शकतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करायचा. आदेश बालकल्याण समिती देते. मृत्यूचे दाखले, रेशनकार्ड, आधार, शाळेचं बोनाफाईड जवळ ठेवा. एवढ्यात वह्या-दप्तर निघेल, घरखर्च नाही. रक्कम वाढायलाच हवी.

पण पैसे मिळाले म्हणून आजी कायद्याने पालक ठरत नाही. मुलाच्या नावावर जमीन असेल, तर 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयात अर्ज करावा. न्यायालयाने नेमलेल्या पालकालाही परवानगीशिवाय ती जमीन विकता येत नाही. तोवर भाऊबंदांनी पुढे केलेल्या कोऱ्या कागदावर अंगठा उठवू नका.