भारतीय जनगणनेतील लिंगभाव ओळखीची नोंद

लिंगभाव ओळख म्हणजे व्यक्तीला स्वतःच्या लिंगाविषयी असलेली जाणीव, तर लैंगिक कल म्हणजे तिला कोणाविषयी आकर्षण वाटते ते. भारताच्या २०११ च्या जनगणनेत लिंगभाव ओळखीची अंशतः नोंद झाली. लैंगिक कलाविषयी मात्र प्रश्न नव्हता.

२०११ ची जनगणना

या जनगणनेत ‘पुरुष’ व ‘स्त्री’ यांच्यासोबत प्रथमच ‘इतर’ हा पर्याय देण्यात आला. देशभरात ४,८७,८०३ व्यक्तींची नोंद ‘इतर’ म्हणून झाली. त्यांपैकी ४०,८९१ महाराष्ट्रातील होत्या. या गटातील साक्षरता सुमारे ५६ टक्के, तर एकूण लोकसंख्येतील साक्षरता सुमारे ७३ टक्के होती. शिक्षणातील ही तफावत स्वतंत्र नोंदीमुळेच आकड्यांत दिसू शकली.

स्वनिर्णयाचा अधिकार

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा अधिकार मान्य केला. २०१९ च्या कायद्यात तशा ओळखीचे प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्यांनी देण्याची तरतूद करण्यात आली. नाशिक विभागातील जळगाव जिल्ह्यात, भादली बुद्रुक ग्रामपंचायतीच्या जानेवारी २०२१ मधील निवडणुकीत महिला राखीव जागेसाठी एका पारलिंगी उमेदवाराने भरलेला अर्ज फेटाळला गेला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने उमेदवाराने निवडलेली ‘स्त्री’ ही ओळख ग्राह्य धरली. पुढे त्या निवडूनही आल्या.

आकड्यांच्या मर्यादा

जनगणनेत बहुधा कुटुंबातील एकच व्यक्ती सर्वांची माहिती सांगते. त्यामुळे नोंद झालेली ओळख त्या व्यक्तीची स्वतःची असतेच असे नाही. ‘इतर’मध्ये ०–६ वयोगटातील सुमारे ५५ हजार बालके आहेत, त्यांची ओळख अर्थातच मोठ्यांनी सांगितलेली आहे. उलटपक्षी, भीती किंवा संकोचामुळे अनेकांची नोंद होत नाही. समलैंगिक संबंध २०१८ पर्यंत गुन्हा मानले जात असल्याने लैंगिक कल उघड करणे जोखमीचे होते.

नोंदणीची पद्धत बदलली की आकडाही बदलतो. महाराष्ट्राच्या २०२४ च्या विधानसभा मतदार यादीत तृतीयपंथी मतदार केवळ ६,१०१ होते. बिहारमध्ये २०११ साली ‘इतर’ ४०,८२७ होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जातनिहाय सर्वेक्षणात मात्र तृतीयपंथी ८२५ च आढळले. अशा आकड्यांवर कल्याणकारी योजनांची तरतूद ठरवली, तर नोंद न झालेले लोक लाभांपासूनही वंचित राहू शकतात.

इतर देश

इंग्लंड व वेल्समध्ये २०२१ च्या जनगणनेत १६ वर्षांवरील व्यक्तींना दोन्ही प्रश्न ऐच्छिक स्वरूपात विचारले गेले. लिंगभाव ओळखीचा प्रश्न काहींना, विशेषतः इंग्रजी कमी येणाऱ्यांना, नीट समजला नसावा अशी शंका पुढे व्यक्त झाली. बहुभाषिक भारतातही प्रश्नाची शब्दरचना म्हणूनच महत्त्वाची ठरते.