चांगुलपणाची गोळी कोणी द्यायची?

मेंदू, औषधं आणि नीती : लेखांक ७

पार्किन्सन्सवरच्या औषधांपाशी आपण मागच्या आठवड्यात थांबलो होतो. प्रामिपेक्सोलसारखं औषध सुरू झाल्यावर, आयुष्यात कधी पत्त्यांना हात न लावलेले काही रुग्ण जुगाराच्या नादी लागले आणि औषध कमी केल्यावर त्यांच्यापैकी अनेकांचा तो नाद सुटला. औषधाने माणूस बिघडत असेल, तर औषधाने तो सुधारेलही की! हा विचार तत्त्वज्ञांना सुचला नसता तरच नवल. २००८पासून त्यांच्यात त्यावर जोरदार भांडण चालू आहे.

त्या वर्षी इंग्मार पेर्सन आणि ज्युलियन सॅव्ह्युलेस्कू या जोडीने एक भीती बोलून दाखवली. माणसाचं ज्ञान कुठल्या कुठे गेलं, पण त्याची करुणा अजून लहानशा टोळीपुरतीच आहे. एखादा माथेफिरू उद्या प्रयोगशाळेत साथीचा रोग घडवू शकेल. हवामानबदलासाठी तर दुष्टपणाचीही गरज नाही, बेपर्वाई पुरते. संस्कार आणि शिक्षण कमी पडत असतील, तर जीवशास्त्राची मदत का घेऊ नये? २०१२ साली ‘अनफिट फॉर द फ्यूचर’ या पुस्तकात त्यांनी हेच सविस्तर मांडलं.

मँचेस्टरचे जॉन हॅरिस एरवी अशा सुधारणांचे खंदे पुरस्कर्ते. बुद्धी वाढवणारी औषधं त्यांना चालतात. इथे मात्र ते अडले. २०११च्या लेखात मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’चा आधार घेत त्यांनी पतनाच्या स्वातंत्र्याची बाजू लढवली. वाईट वागणं अशक्यच झालं, तर चांगलं वागण्यात निवड कसली आणि कौतुक तरी कसलं?

युक्तिवाद देखणा आहे, पण मला पटत नाही. शेजाऱ्याचा खून करावा असं बहुतेकांच्या मनातही येत नाही, म्हणून त्यांना कोणी परतंत्र म्हणत नाही. पेर्सन आणि सॅव्ह्युलेस्कू यांचं उत्तर याच वळणाचं होतं. शिवाय त्यांनी ‘गॉड मशीन’ नावाचं एक काल्पनिक यंत्र उभं केलं. ते २०४५ साली तयार होतं आणि प्रत्येकाच्या मनावर लक्ष ठेवतं. किरकोळ खोटेपणात ते पडत नाही. कोणी खुनाच्या निर्णयापर्यंत आला, की तेवढा निर्णय ते पालटतं आणि त्या माणसाला वाटतं, आपणच विचार बदलला. ज्याच्या मनात खून कधी आलाच नाही, त्याचं या यंत्राने काय हिरावून घेतलं? हॅरी फ्रँकफर्ट यांनी १९६९मध्येच अशा कल्पित प्रसंगांतून दाखवलं होतं, की दुसरी वाट बंद असली तरी माणूस आपल्या कृतीला जबाबदार असू शकतो.

तेव्हा इच्छास्वातंत्र्याच्या मुद्द्यावर हॅरिस हरले, असं माझं मत. गोळीचं खरं दुखणं दुसरीकडे आहे. खून म्हणजे काय, हे यंत्राला सांगता येईल. पण गोळीत चांगुलपणा म्हणून नक्की काय भरायचं?

केंब्रिजमध्ये मॉली क्रॉकेट आणि सहकाऱ्यांनी निरोगी स्वयंसेवकांना सिटालोप्राम दिलं. नैराश्यावरचं हे औषध मेंदूतल्या सेरोटोनिनचा प्रभाव वाढवतं. पाच जणांचा जीव वाचवण्यासाठी एकाला गाडीखाली ढकलावं का, अशा प्रश्नांना औषध घेतल्यावर लोक जास्त वेळा ‘नाही’ म्हणाले. २०१०मध्ये हे निष्कर्ष छापून आले. गोळीने माणूस कनवाळू झाला, असा मथळा द्यायला हरकत नव्हती. पण त्याच प्रयोगात पैशांच्या वाटणीचाही एक खेळ होता. एकाने वाटणी सुचवायची, दुसऱ्याने ती घ्यायची किंवा झिडकारायची. झिडकारली तर दोघांच्याही हाती भोपळा. या खेळात शंभरातले वीसच पुढे केले, तर पुष्कळ जण स्वतःचं नुकसान सोसून नकार देतात. सिटालोप्राम घेतल्यावर अशा अन्यायी वाटणीला नकार देण्याचं प्रमाण घटलं.

याला सुधारणा म्हणायचं का? दुसऱ्याला इजा करायला हात धजावत नाही आणि आपल्यावरचा अन्याय मुकाट गिळला जातो, दोन्ही एकाच गोळीतून. सोशिक सून हवी असलेल्या घराला आणि ओव्हरटाइम न मागणारा कामगार हवा असलेल्या मालकाला ती फारच आवडेल. १९२७ साली महाडला चवदार तळ्याकडे निघालेली माणसं वाट्याला आलेली वाटणी झिडकारत होती. नीती त्या नकारात होती. एका डोसाचा, प्रयोगशाळेतल्या खेळातला हा परिणाम फार ताणू नये, हे खरं; पण ‘शांत’ आणि ‘चांगला’ यांची गल्लत किती सहज होते, ते त्यातून दिसतंच.

सुरक्षित उपाय सापडला तर तो शिक्षणासारखा किंवा पाण्यातल्या फ्लोराइडसारखा सक्तीचा करावा, असं पेर्सन आणि सॅव्ह्युलेस्कू यांनी २००८मध्ये सुचवलं होतं. (यवतमाळ-चंद्रपूरकडच्या वाचकाला हे उदाहरण विचित्र वाटेल. तिकडच्या काही गावांत भूजलातल्या जादा फ्लोराइडने दात डागाळतात, हाडं वाकतात.) सक्ती आली, की औषधाची चिठ्ठी सरकार लिहिणार. ब्रिटनमध्ये १९५२ साली गणितज्ञ ॲलन ट्युरिंग समलिंगी संबंधांबद्दल दोषी ठरले. तुरुंग टाळायचा तर वर्षभर इस्ट्रोजेन घ्यायचं, अशी अट होती. ती त्यांनी मानली. १९५४मध्ये ते गेले, राजमाफी आली ती २०१३मध्ये. त्या वेळच्या कायद्याच्या लेखी तिथे एक माणूस सुधारला जात होता.

भारतात २०१२च्या डिसेंबरमधल्या दिल्लीतल्या बलात्कारानंतर, गुन्हेगारांची वासना औषधाने मारून टाका, अशी मागणी मोठ्या आवाजात झाली. न्या. जे. एस. वर्मा समितीने जानेवारी २०१३च्या अहवालात ती फेटाळली. संमतीशिवाय घातक औषध देणं घटनेत बसत नाही, हे एक कारण. दुसरं जास्त मोलाचं : बलात्काराचं मूळ सत्तेच्या भावनेत आणि समाजात आहे, ते संप्रेरकांच्या मात्रेने उपटलं जाणार नाही.

अवघड प्रकरण उरतं ते स्वतःहून औषध मागणाऱ्याचं. एखादा कैदी म्हणतो, ‘ही वासना मला नकोय, काढून टाका.’ अशा वेळी औषध त्याचं स्वातंत्र्य उलट वाढवेल. पण होकार ट्युरिंग यांनीही दिलाच होता. तुरुंगाच्या दारात दिलेली संमती कितपत खरी मानायची आणि ती कोणी तपासायची, ते पुढच्या आठवड्यात.