पिस्तुलाची निगा आणि मासवणचा पाऊस

मासवणला जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पावसानं धार धरली की घरातल्या वस्तू आपापल्या परीनं ते कळवतात. बरणीतलं मीठ पाझरतं, काडेपेटीच्या काड्या घासून घासून पेटत नाहीत, आणि काल स्वच्छ दिसणारी दाराची कडी सकाळी तांबूस झालेली असते. पालघर-मनोर रस्त्यावरच्या या गावाला सूर्या नदीचा शेजार आहे; वसई-विरारकडे जाणारं पाणी इथूनच उपसलं जातं. पश्चिमेला थोड्या अंतरावर समुद्र, वायव्येला बोईसर-तारापूरची रासायनिक कारखान्यांची वसाहत. अशा हवेत कुणी स्पर्धेचं पिस्तूल सांभाळायचं म्हटलं, तर ते किती वेळा साफ करावं? नेमबाजीत नव्यानं आलेला माणूस हा प्रश्न विचारतो तेव्हा त्याला एक आकडा हवा असतो: इतक्या गोळ्यांनी, नाहीतर इतक्या दिवसांनी. असा एक आकडा देताच येत नाही, असं माझं मत आहे. नळी, चेंबर, बाहेरचं पोलाद, लाकडी मूठ, रबरी सील या प्रत्येकाचा वैरी निराळा, त्यामुळे प्रत्येकाचं वेळापत्रकही निराळं. आणि ज्या नळीवर सगळे ब्रश घेऊन तुटून पडतात, तिला बहुधा सगळ्यात कमी सफाई लागते.

आधी ही पिस्तुलं कोणती ते पाहू. ऑलिंपिक नेमबाजीत मुख्यतः दोन प्रकार दिसतात. एक, १० मीटरवरचं एअर पिस्तूल: दाबलेल्या हवेवर चालणारं, ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा मारणारं. दुसरं, २५ मीटरवरचं पॉइंट टू-टू बोअरचं, दारूच्या काडतुसांचं, एकामागून एक पाच गोळ्या झाडणारं. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८च्या जकार्ता-पालेंबांग आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं ते या दुसऱ्या प्रकारात. तिथे थायलंडच्या खेळाडूशी बरोबरी झाली आणि निकाल लागायला दोनदा शूट-ऑफ घ्यावा लागला. या प्रकाराच्या जलद टप्प्यात लक्ष्य तीन सेकंद समोर येतं; तेवढ्यात खाली झुकवलेला हात वर आणायचा, नेम धरायचा आणि चाप ओढायचा. अशा वेळी पुंगळी अडकली, तर पिस्तुलाची नळी आतून आरशासारखी चकचकीत आहे, याचा काय उपयोग?

‘वापरलं की साफ करायचं’ ही शिस्त आपल्याकडे फौजेतून, पोलिसांतून आणि एनसीसीच्या परेड मैदानावरून आली. पुल-थ्रूची दोरी, चिंदी, तेलाची बाटली. गोळीबार संपला की नळीतून चिंदी ओढायची आणि ती पांढरी निघेपर्यंत ओढत राहायची. ही शिस्त खुळी नव्हती, तिच्यामागे रसायनशास्त्र होतं. जुन्या काडतुसांच्या ठिणगी देणाऱ्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळलं की नळीत पोटॅशियम क्लोराइड उरे, म्हणजे एक प्रकारचं मीठच. ते हवेतली ओल ओढून घेई आणि नळी एका रात्रीत गंजे. म्हणून तर सैनिक नळीत उकळतं पाणी ओतत. तेलानं मीठ विरघळत नाही, पाण्यानं विरघळतं. गेल्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यातच पॉइंट टू-टूच्या काडतुसांतून हा मसाला हद्दपार झाला. कारण गेलं आणि सवय उरली. आजच्या काडतुसानंतर नळीत राहतो तो थोडा कोळसा, थोडं शिसं आणि गोळीवरच्या मेणचट वंगणाचा पातळ थर. या थरापासून पोलादाला फारसा धोका नाही. उलट तो बसलेला असतो तोवर गोळ्या एकसारख्या जातात. नळी घासून कोरी केली की पहिल्या काही गोळ्या भरकटतात, कारण थर पुन्हा बसावा लागतो.

यावर रायफलवाले हरकत घेतील. शिसं साचलं की गोळ्यांचा पुंजका पसरतो, मग नळी वरचेवर नको का साफ करायला? त्यांच्यापुरतं ते खरं आहे. ५० मीटरवरच्या रायफलच्या लक्ष्यात दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. तिथे दोन मिलिमीटरचा फरकही गुण खातो. पण २५ मीटरच्या पिस्तुलाच्या लक्ष्यात दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं, आणि जलद टप्प्यात तर १०० मिलिमीटरचं, म्हणजे खाण्याच्या बशीएवढं नसलं तरी चहाच्या कपाच्या तोंडाहून मोठं. चांगलं पिस्तूल आणि चांगली काडतुसं असली, तर जरा मळकी नळीही या वर्तुळाच्या पुष्कळ आतच गोळ्या ठेवते. पिस्तूलवाला गुण गमावतो तो हात हलल्यामुळे, चाप झटक्यानं ओढल्यामुळे किंवा पिस्तूल अडल्यामुळे. पहिल्या दोन गोष्टींवर सराव हाच इलाज. तिसरीवर मात्र सफाई चालते. रायफलचा नियम पिस्तुलाला लावायला नको, तो त्यासाठी.

मग साफ काय करायचं? काडतूस फुटतं तेव्हा त्याच्याच धक्क्यानं मागचा बोल्ट मागे सरकतो, रिकामी पुंगळी बाहेर पडते आणि नवं काडतूस आत जातं. त्या क्षणी अर्धवट जळलेल्या दारूची राख यंत्रणेत मागे उडते. ती जाऊन बसते चार जागी: चेंबरच्या कडेला, पुंगळी ओढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या आकडीखाली, काडतूस ज्या उतारावरून वर चढतं त्या उतारावर आणि मॅगझिनच्या ओठांवर. आकडीखालची जागा जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी. तिथे राख आणि मेण यांची काळं पुट बसलं की आकडी पुंगळीची कडा नीट पकडत नाही. चेंबरच्या कडेला तेच पुट बसलं की काडतूस केसभर बाहेर राहतं. मग फायरिंग पिनचा ठोका काडतुसाच्या कडेवर पुरता बसत नाही आणि गोळी सुटत नाही. या चार जागा प्रत्येक सरावानंतर, निदान दर दुसऱ्या सरावानंतर, जुन्या टूथब्रशनं आणि कोरड्या चिंदीनं पुसाव्यात. दहा मिनिटांचं काम आहे. स्पर्धेत ३० गोळ्यांच्या एका टप्प्यात पिस्तुलाचा बिघाड एकदाच माफ होतो आणि दुसऱ्यांदा अडलं तर न झाडलेल्या गोळ्यांचे गुण गेले, हे लक्षात घेतलं की ही दहा मिनिटं जड वाटत नाहीत. नळी मात्र काही शे गोळ्यांनी, तीही चेंबरच्या बाजूनं तोंडाकडे, मऊ दोरीनं ओढावी. पुढून घातलेली लोखंडी सळई नळीच्या तोंडाची कड घासते, आणि गोळी शेवटचा स्पर्श करते तो त्या कडेला. गोळ्या झाडून नळ्या झिजतात त्याहून जास्त त्या अशा सफाईनं बिघडतात, असं जाणकार म्हणतात ते पटण्यासारखं आहे.

एअर पिस्तुलात तर दारूच नाही. त्याचे छर्रे ५०० च्या डब्यात येतात. नेमानं सराव करणाऱ्याचा डबा आठवड्याभरात संपतो. एक-दोन डब्यांमागे नळीतून फेल्टच्या दोन-तीन गोळ्या सारल्या की झालं. याचं खरं दुखणं आहे हवा, आणि इथे मासवणचा पाऊस थेट हिशोबात येतो. ऐन पावसाळ्यात तापमान ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के धरली, तर एका घनमीटर हवेत साधारण २५ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. पिस्तुलाच्या सिलिंडरची पोकळी सोयीसाठी १०० मिलिलिटर धरू. त्यात २०० बार दाबानं हवा भरायची म्हणजे बाहेरची २० लिटर हवा कोंबायची. तिच्यात अर्धा ग्रॅम पाणी असतं, औषधाच्या ड्रॉपरचे दहा थेंब. इतक्या दाबाखाली त्यातली बहुतेक वाफ पाणी होऊन खाली बसते. पाणी वेगळं करणारी गाळणी बसवलेला कॉम्प्रेसर असला तर यातलं बरंच बाहेरच अडतं. साध्या हातपंपानं भरलं तर त्यातला चांगला वाटा सिलिंडरमध्ये जातो, तोही दर भरणीला. झडपेची बारीक स्प्रिंग गंजते, हवेचा झोत कमी-जास्त होतो आणि छर्रे वर-खाली लागू लागतात. नेमबाज बिचारा आपल्या श्वासाला दोष देत बसतो. तेव्हा या पट्ट्यात एअर पिस्तूल असेल तर नळीच्या ब्रशपेक्षा कोरडी हवा कुठे मिळते याची चौकशी आधी करावी. सीलला साधं खनिज तेल लावू नये, ते काही जातींचं रबर फुगवतं, आणि दाबाखालच्या हवेत तेल धोक्याचंही आहे. तिथे सिलिकॉनचं ग्रीस, तेही बोटाला जाणवेल न जाणवेल इतकं.

आता बाहेरचं पोलाद. सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की लोखंडाचा गंज झपाट्यानं वाढतो, हे धातुशास्त्रात पक्कं ठरलेलं आहे. हवेत खारेपणा किंवा आम्लाची वाफ असली तर आणखीच. जून ते सप्टेंबर इथली हवा साठाच्या खाली क्वचितच येते. त्यात तळहाताचा घाम म्हणजे पुन्हा मीठच. पिस्तुलावर उमटलेला अंगठा दुसऱ्या दिवशी तपकिरी ठशाच्या रूपात वाचता येतो. म्हणून बाहेरच्या धातूचं वेळापत्रक गोळ्यांवर ठेवून चालत नाही. चार महिने एकही गोळी झाडली नाही, तरी हात लागला की तेलाच्या फडक्यानं पुसायचं, आणि हात लागला नाही तरी आठवड्यातून एकदा पेटी उघडून पाहायचं. पेटीतला मऊ फोम हा आणखी एक छुपा वैरी. तो ओल शोषतो आणि ती पोलादाला चिकटवून ठेवतो. पावसाळ्यात पिस्तूल फोमवरून काढून सुती कापडात ठेवावं आणि शेजारी सिलिका जेलची पुरचुंडी टाकावी. निळे दाणे गुलाबी झाले की ते ओलीनं भरले. मंद आचेवर हळूहळू तापवले की पुन्हा निळे होतात, मात्र हे काम स्वयंपाकाच्या तव्यावर करू नये.

‘मग भरपूर तेल लावून ठेवलं की झालं,’ असं कुणी म्हणेल. बाहेरच्या अंगाला चालेल. आत ते घात करतं. जास्तीचं तेल राख धरून ठेवतं आणि तिची खळ होते, पिनच्या खाचेत उतरलं तर ठोका मंदावतो. खोबरेल तर नकोच. थंडीत बाटलीत गोठणारं तेल पिस्तुलात काय करेल ते सांगायला नको. बोईसरच्या प्रत्येक वर्कशॉपमध्ये सापडणारा डब्ल्यूडी-४० चा डबा ओल हटवायला उत्तम, कारण त्याचा जन्मच त्यासाठी झाला. नावातली दोन अक्षरं पाणी हटवण्याचीच आहेत. पण ते कायमचं वंगण नव्हे. भिजलेलं पिस्तूल त्यानं कोरडं करावं, पुसून घ्यावं आणि मग खऱ्या तेलाचा एक थेंब.

सगळ्यात वजनदार हरकत अशी: इतकं करूनही पिस्तूल ऐन वेळी बंद पडतंच की! पडतं. २५ जुलै २०२१ ला टोकियो ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर पिस्तुलाच्या पात्रता फेरीत मनू भाकरचं पिस्तूल मध्येच बिघडलं. कॉकिंग लिव्हर मोडला होता. दुरुस्तीत पंधरा-वीस मिनिटं गेली, आणि ६० फैरींचं घड्याळ त्या वेळातही चालूच राहिलं. पुढे तिनं ५७५ गुण केले आणि दोन गुणांनी अंतिम फेरी हुकली. पण मोडलेला लिव्हर कोणत्या ब्रशनं वाचला असता? साफसफाई आणि निगा यांची गल्लत होते ती इथे. सफाई मळ काढते, झीज काढत नाही. स्प्रिंगा दमतात, धक्का झेलणारे बफर चेपतात, ओ-रिंगा कडक होतात, इलेक्ट्रॉनिक चापाची बॅटरी उतरते, दमट-कोरड्या हवेत आक्रोडाची मूठ फुगते-आकसते आणि तिचा स्क्रू सैलावतो. यासाठी लागते एक वही. किती गोळ्या झाल्या, कोणता भाग केव्हा बदलला, टेकूवर ठेवून झाडलेल्या पाच गोळ्यांचा पुंजका या महिन्यात केवढा आला. भाग किती फैरींनी बदलायचा ते बनवणाऱ्याच्या पुस्तिकेत असतं. वही नसेल तर ती पुस्तिका वाचून उपयोग नाही. अशा पिस्तुलांचे कारागीर मोजके आणि बहुधा मोठ्या रेंजच्या आसपास; वरळी किंवा बालेवाडी गाठायची तर पालघरच्या माणसाचा दिवस जातो. म्हणून सुटे भाग आधीच जवळ हवेत. मोठी उघडझाप स्पर्धेच्या आदल्या रात्री करू नये. आठवडाभर आधी करावी आणि नंतर निदान पन्नास फैरी झाडून पाहाव्यात.

एक गोष्ट पिस्तुलाची नाही, घराची आहे. पुसताना निघणाऱ्या काळ्या मळात शिसं असतं. ओट्यावर किंवा जेवणाच्या ताटलीशेजारी हे काम करू नये, मुलांना जवळ बसवू नये. चिंद्या पिशवीत बांधून टाकाव्यात आणि हात साबणानं धुवावेत. सुरुवात अर्थात मॅगझिन काढून आणि चेंबर रिकामं असल्याचं डोळ्यांनी पाहूनच.

आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रं घासून-पुसून पुजतात. ती येते पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरची उन्हं पडू लागताना. चार महिन्यांची ओल जिरलेली शस्त्रं उघडून बघायला याहून बरा मुहूर्त कोकणपट्टीत सापडणार नाही. वर्षातून एकदाची ती मोठी उघडझाप तेव्हाच करावी: मूठ काढून खालचं पोलाद बघावं, स्क्रू आवळावेत, सील बदलावेत, चाप वजन लावून तपासावा. एअर पिस्तुलाला किमान ५०० ग्रॅम आणि पॉइंट टू-टूला १००० ग्रॅम ओढ लागते. स्क्रू सैल होऊन ती किंचित कमी भरली तरी स्पर्धेच्या तपासणीत पिस्तूल परत येतं. आणि त्याच दिवशी एअर पिस्तुलाच्या सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचावी. बहुतेक युरोपीय सिलिंडरांचं आयुष्य बनल्यापासून दहा वर्षांचं असतं. तारीख उलटलेला सिलिंडर बाहेरून कितीही लखलखीत असो, तो भरायचा नाही आणि स्पर्धेला न्यायचाही नाही. नवा परदेशातून यायला वेळ लागतो, म्हणून नववं वर्ष लागलं की मागणी नोंदवून ठेवावी.