चिठ्ठीवरचं नाव आणि पाकिटातली गोळी

माणला आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक काका राहतात. हिंजवडीच्या फेज तीनमधल्या एका कंपनीच्या गेटवर सुरक्षारक्षक आहेत, बारा तासांची ड्युटी. रक्तदाब आणि साखर, दोन्ही आहे. एकदा रात्रपाळीहून आले आणि चक्कर येऊन जिन्यातच बसले. त्यांना घरात नेऊन बसवल्यावर काकू हळूच म्हणाल्या, "महिन्याच्या शेवटी एक दिवसाआड घेतात गोळी. पाकीट पुरवायला नको का?"

मग त्यांनी स्टीलच्या डब्यातून तीन पाकिटं काढून माझ्यापुढे ठेवली. सकाळी रक्तदाबाची एक, साखरेच्या दोन. त्या तीन पाकिटांवर काय छापलेलं होतं आणि त्याची किंमत कशी ठरते, हे मी त्या दोघांना जसं सांगितलं तसंच इथे सांगतो.

तुमच्याही घरात असं पाकीट असेल. हातात घ्या आणि उजेडात धरा. त्यावर दोन नावं दिसतील. एक सुटसुटीत, लक्षात राहील असं, बहुधा रंगीत पट्टीवर छापलेलं. ते कंपनीने ठेवलेलं नाव, म्हणजे ब्रँड. दुसरं जरा अवघड असतं. काकांच्या रक्तदाबाच्या पाकिटावर होतं, 'टेल्मिसार्टन टॅब्लेट्स आयपी ४० मि.ग्रॅ.' हे औषधाचं मूळ नाव, म्हणजेच जेनेरिक नाव. त्यातलं 'आयपी' म्हणजे इंडियन फार्माकोपिया, आपल्या देशाचा औषधकोश. त्या गोळीत किती औषध हवं, किती शुद्ध हवं, पोटात ती किती वेळात विरघळायला हवी, हे त्या कोशात ठरवून दिलेलं असतं. नाव कुठलंही असो, 'आयपी' लिहिलं की त्या कसोटीला उतरणं कायद्याने बंधनकारक आहे. २०१८ पासून मूळ नाव ब्रँडच्या नावापेक्षा किमान दोन आकारांनी मोठ्या टाइपात छापायचा नियम आहे. नियम चांगला आहे. पण रंग आणि मांडणी अशी केलेली असते की नजर पहिल्यांदा ब्रँडवरच जाते. म्हणून मुद्दाम शोधून वाचावं लागतं.

आता पाकिटाची मागची बाजू बघा. तिथे बारीक अक्षरात 'उत्पादक' आणि 'विक्री' अशा दोन वेगळ्या कंपन्यांची नावं पुष्कळदा सापडतात. काकांच्या तीनपैकी दोन पाकिटांवर तसं होतं. गोळी एकाने बनवलेली, नाव दुसऱ्याचं. एकच कारखाना चार-पाच कंपन्यांना तीच गोळी वेगवेगळ्या नावाने बनवून देतो, हे या धंद्यात नेहमीचं आहे. काकूंना हे ऐकून धक्काच बसला. "म्हणजे आपण नावाचे पैसे देतो?" त्यांनी विचारलं. बऱ्याच अंशी, हो.

हे असं का झालं ते समजायला पेटंटपासून सुरुवात करावी लागते. नवीन औषध शोधणाऱ्या कंपनीला वीस वर्षांचं पेटंट मिळतं. तेवढ्या काळात दुसऱ्या कुणालाही ते बनवून विकता येत नाही, त्यामुळे किंमत ती कंपनी म्हणेल ती. पेटंट संपलं की इतर कंपन्याही तेच औषध बनवतात आणि भाव कोसळतो. काकांच्या साखरेच्या दोन गोळ्यांपैकी एक आहे मेटफॉर्मिन, फार जुनं औषध. दुसरी सिटाग्लिप्टिन. तिचं पेटंट आपल्याकडे २०२२ च्या जुलैमध्ये संपलं. त्यानंतर दोनच महिन्यांत जनऔषधी केंद्रांत, म्हणजे सरकारी योजनेतल्या स्वस्त औषधांच्या दुकानांत, ५० मि.ग्रॅ.च्या दहा गोळ्या ६० रुपयांना आल्या. बाजारातल्या ब्रँडेड पाकिटांची किंमत तेव्हा १६२ ते २५८ रुपयांच्या दरम्यान असल्याचं सरकारनेच सांगितलं होतं. मार्च २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिन या साखरेच्याच आणखी एका औषधाचं पेटंट संपलं, आणि साधारण साठ रुपयांना मिळणारी एक गोळी काही कंपन्यांनी दहा रुपयांच्या आत आणली. औषध तेच होतं, फक्त मक्तेदारी संपली होती.

आपल्या देशात तर १९७० च्या पेटंट कायद्याने औषधावर पेटंट द्यायचंच नाही, फक्त ते बनवण्याच्या रीतीवर द्यायचं, असं ठरवलं होतं. त्यामुळे आपल्या कंपन्यांनी बनवण्याच्या वेगळ्या रीती शोधल्या आणि स्वस्त औषधं बनवायला त्या शिकल्या. २००५ पासून औषधावरच पेटंट मिळू लागलं. १९७० च्याही आधीची एक गोष्ट तर आपल्या भागातलीच आहे. पिंपरीची हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, जिला सगळे 'एचए' म्हणतात, ती १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभी राहिली, पेनिसिलिन देशात बनावं म्हणून. सार्वजनिक क्षेत्रातला औषधांचा तो देशातला पहिला कारखाना. पेनिसिलिन हे मूळ नाव आहे, आणि खेड्यापाड्यांत लोक ते त्याच नावाने ओळखायचे. मूळ नावाने औषध मागणं आपल्या लोकांना जमणार नाही असं जे म्हणतात, त्यांना मी नेहमी हे उदाहरण देतो.

आता इथे एक गुंता आहे, आणि बहुतेक गैरसमज त्यातूनच होतात. परदेशात 'ब्रँड' म्हणजे पेटंट असलेलं किंवा मूळ संशोधक कंपनीचं औषध, आणि 'जेनेरिक' म्हणजे पेटंट संपल्यावर इतरांनी मूळ नावाने विकलेलं. आपल्याकडे मेडिकलच्या फळीवरचं जवळजवळ सगळं जेनेरिकच असतं, पण प्रत्येक कंपनी त्याला आपलं नाव देते. एकाच टेल्मिसार्टनला डझनावारी नावं. १९७५ साली जयसुखलाल हाथी समितीने ही ब्रँडची नावं टप्प्याटप्प्याने काढून टाका, अशी शिफारस केली होती. ती अमलात आली असती तर काकांच्या डब्यात आज वेगळी पाकिटं दिसली असती.

किंमत कशी ठरते तेही बघू. अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत, २०२२ च्या यादीप्रमाणे, ३८४ औषधं आहेत. त्यांची कमाल किंमत राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरण ठरवतं. पण कशी? २०१३ पर्यंत औषध बनवायला काय खर्च येतो त्यावरून ठरायची. २०१३ च्या आदेशाने पद्धत बदलली. आता बाजारात किमान एक टक्का वाटा असलेल्या सगळ्या कंपन्यांनी दुकानदाराला लावलेल्या भावांची सरासरी काढतात आणि त्यावर दुकानदाराचे १६ टक्के चढवतात. समजा, चार कंपन्या एक गोळी दुकानदाराला २, ३, ५ आणि १० रुपयांना देतात. सरासरी ५ रुपये. १६ टक्के धरून कमाल किंमत ५ रुपये ८० पैसे, वर जीएसटी. म्हणजे दहा रुपयेवाल्याला खाली यावं लागलं हे खरं. पण गोळी २ रुपयांनाही परवडते, हे याच बाजारात दिसत असताना कायदेशीर मर्यादा त्याच्या जवळजवळ तिप्पट ठरली. यादीबाहेरच्या औषधांवर तर एवढंच बंधन आहे, की छापील किंमत वर्षाला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायची नाही. सुरुवातीची किंमत कंपनी हवी ती ठेवू शकते. माझ्या मते या व्यवस्थेतली सगळ्यात मोठी चूक २०१३ साली झाली.

बाकीचे पैसे जातात नाव खपवण्यात. दवाखान्याबाहेर बॅग घेऊन ताटकळणारे एमआर, म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, आपण सगळ्यांनी पाहिलेत. त्यांचा पगार, प्रवास, डॉक्टरांना दिलेली सॅम्पलं, परिषदा, सगळं शेवटी पाकिटाच्या किमतीत येतं. आणि कुठलं नाव घ्यायचं ते पैसे देणारे काका ठरवत नाहीत, डॉक्टर ठरवतात. दुकानदारालाही ते बदलता येत नाही. औषध नियमावलीतल्या नियम ६५ (११अ) प्रमाणे शेड्यूल एचमधल्या, म्हणजे चिठ्ठीवरच मिळणाऱ्या, औषधाची चिठ्ठी ज्या नावाने असेल तेच द्यायचं, आत तेच द्रव्य असलं तरी दुसरं द्यायचं नाही. म्हणून "याच्यातलं स्वस्त द्या ना" म्हटल्यावर मेडिकलवाला नाही म्हणाला, तर तो अडवतोच आहे असं समजू नका. किल्ली चिठ्ठीत आहे.

डॉक्टरांनी मूळ नावाने, शक्यतो मोठ्या ठळक अक्षरात लिहावं, अशी तरतूद वैद्यकीय आचारसंहितेत २०१६ पासून आहे. २ ऑगस्ट २०२३ ला राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ती कडक करून सक्तीची केली आणि तीन आठवड्यांतच, २३ ऑगस्टला, स्थगित केली. डॉक्टरांच्या संघटनांचा विरोध होता, आणि त्यांच्या एका मुद्द्यात तथ्य आहे. मूळ नाव लिहिलं की निवड डॉक्टरांच्या हातून दुकानदाराच्या हातात जाते. त्याला जिथे जास्त सुटतं ते तो देईल.

हे कसं घडतं ते सांगतो, कारण इथे भले भले फसतात. काही कंपन्या एमआर न ठेवता थेट दुकानदारांना माल देतात. त्याला 'ट्रेड जेनेरिक' म्हणतात. समजा, पाकिटावर छापलंय १०० रुपये. दुकानदाराला ते पडतं २०-२५ ला. तो तुम्हाला '५० टक्के सूट' म्हणून ५० ला देतो. तुम्ही खूश, तो त्याहून खूश. प्रत्यक्षात तीच गोळी दुसरीकडे ३० ला मिळत असते. म्हणून पाटीवरच्या सवलतीच्या टक्क्याकडे बघू नका. हातातून गेलेल्या पैशाला गोळ्यांच्या संख्येने भागा आणि एका गोळीचा भाव काढा. काकूंनी त्याच दिवशी कॅलेंडरच्या मागे तीन गोळ्यांचे भाव लिहिले.

मग स्वस्त गोळी काम करेल का? काकांचा पहिला प्रश्न हाच होता, आणि तो रास्त आहे. नवी जेनेरिक गोळी तपासताना निरोगी माणसांना ती आणि मूळ गोळी वेगवेगळ्या वेळी देऊन रक्तात औषध किती आणि किती वेगाने उतरतं ते मोजतात. ते आकडे ठरलेल्या मर्यादेत जुळले तरच ती समान धरतात. पाण्यात नीट न विरघळणाऱ्या औषधांच्या जेनेरिकसाठी ही चाचणी आपल्याकडे २०१७ पासून सक्तीची झाली. त्याआधी बाजारात आलेल्या पुष्कळ गोळ्यांची ती झालेली नाही, आणि कारखान्यांची तपासणी सगळ्या राज्यांत सारखी कडक नाही. शंका आहे ती इथे. पण ही शंका महागड्या ब्रँडलाही तितकीच लागू आहे. केंद्रीय औषध नियंत्रकांची दर महिन्याची दर्जाहीन औषधांची यादी बघा, तिच्यात नामांकित ब्रँडही असतात. जनऔषधीच्या मालाची प्रत्येक खेप मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून मगच केंद्रात जाते, आणि तिथली किंमत पहिल्या तीन ब्रँडच्या सरासरीच्या निम्म्यापेक्षा जास्त ठेवत नाहीत. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, पित्त यांच्या नेहमीच्या गोळ्यांसाठी मी तिथेच जातो.

काही औषधं मात्र परस्पर बदलू नका. फिट्सची फेनिटॉइन, रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन, थायरॉइडची गोळी, यांच्यात थोडा फरकही महागात पडतो, त्यामुळे कंपनी बदलायची ती डॉक्टरांना सांगून आणि नंतर रक्त तपासून. इन्सुलिनही परस्पर बदलायचं नसतं. आणि गोळीच्या नावापुढे 'एसआर' किंवा 'ईआर' लिहिलं असेल, तर ती हळूहळू विरघळणारी असते. तिच्या जागी साधी गोळी चालत नाही.

काकांचं पुढे काय झालं? पुढच्या खेपेला ते डॉक्टरांना सरळ म्हणाले, "डॉक्टर, महिनाभर पुरत नाही पैसा. औषधाचं मूळ नाव लिहून द्याल का?" डॉक्टरांनी काहीही न बोलता तिन्ही नावं मोठ्या अक्षरात लिहून दिली. इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं. मग त्यांच्या पगाराची पावती बघितली, तर दर महिन्याला ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचे, पैसे कापले जात होते. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला आणि त्याच्या घरच्यांना त्यातून औषधोपचार मिळतात, चिंचवडच्या मोहननगरला रुग्णालयही आहे. काकांनी कार्ड कधी काढलंच नव्हतं. शिवाय गावातच प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. रक्तदाबाच्या आणि मेटफॉर्मिनसारख्या साखरेच्या नेहमीच्या गोळ्या तिथे मिळतात. आता काका फक्त सिटाग्लिप्टिन विकत घेतात, तीही जनऔषधी केंद्रातून. जवळचं केंद्र आणि भाव 'जनऔषधी सुगम' या अ‍ॅपवर दिसतात. कमाल किंमत बघायची असेल तर प्राधिकरणाचं 'फार्मा सही दाम' आहे.

तुमच्या घरात कुणी पाकीट पुरवून पुरवून वापरत असेल, तर आजच विचारा. गोळी परवडत नाही हे डॉक्टरांना सांगण्यात लाज नाही. न सांगता गोळी एक दिवसाआड घेऊ नका.