गवत कापताना रेस किती ठेवावी?

द्राक्षबागेत ओळींमधलं गवत कापायला मिनी ट्रॅक्टरमागे जोडलेल्या यंत्राची पाती पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या, इंजिनाच्या जोरावर फिरणाऱ्या दांड्यावर चालतात. अशी बहुतेक यंत्रं पीटीओच्या मिनिटाला ५४० फेऱ्यांसाठी बनवलेली असतात. त्यासाठी लागणारा इंजिनाचा आरपीएम मॉडेलनुसार बदलतो. अनेक ट्रॅक्टरांच्या मीटरवर त्याची खूण असते. काटा तिथेच ठेवावा. डिझेल वाचवायला रेस कमी केली, तर पाती मंदावतात, गवत कापलं न जाता फाटतं आणि चिरफाळलेले शेंडे पिवळे पडतात. गवत दाट असेल, तर रेस तीच ठेवून गिअर खालचा टाकावा. पीटीओ मात्र कमी रेसवर जोडावा, मग रेस हळूहळू वाढवावी. गवत अडकलं, तर पीटीओ सोडवून, इंजिन बंद करून आणि पाती पूर्ण थांबल्यावरच हात घालावा.