विद्यार्थी-नोंदणीच्या संगणकव्यवस्थेतील काही शब्द

रेल्वे, बँक किंवा शासकीय खाते अशा विस्तीर्ण संस्थेचा कारभार एकत्र चालविण्यासाठी जी संगणकव्यवस्था उभारतात, तिची स्वतंत्र परिभाषा असते. प्राथमिक शिक्षकाचा या परिभाषेशी आता नित्य संबंध येतो. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या ‘यू-डायस प्लस’ नोंदणीत २०२२-२३ पासून शाळेच्या एकत्रित आकड्यांऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होऊ लागली. जव्हार व मोखाडा तालुक्यांतील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीच्या कामासाठी भिवंडी-वसईकडे जातात. त्यांच्या मुलांच्या दृष्टीने या शब्दांचा नेमका अर्थ शिक्षकास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

‘डेटाबेस’ हे जनरल रजिस्टराचेच विस्तृत रूप होय. रजिस्टरातील एका मुलाची आडवी ओळ म्हणजे ‘रेकॉर्ड’ आणि नाव, जन्मतारीख इत्यादी प्रत्येक रकाना म्हणजे ‘फील्ड’. रजिस्टर एका शाळेचे असते. डेटाबेस सर्व शाळांचा. त्यात एकाच नावाची अनेक मुले असणारच. म्हणून प्रत्येकास दुसऱ्या कोणासही नसलेला क्रमांक द्यावा लागतो. अशा ओळखीच्या रकान्यास ‘प्रायमरी की’ म्हणतात. विद्यार्थ्याचा ‘पेन’, म्हणजे कायम शिक्षण क्रमांक, याच तत्त्वावर दिलेला असतो. शाळा बदलली तरी तो बदलत नाही. नव्या शाळेने पुन्हा नवी नोंद केल्यास कागदोपत्री एका मुलाची दोन मुले होतात आणि मागील इयत्तांचा इतिहास पहिल्या नोंदीपाशीच अडकून राहतो.

‘सर्व्हर’ म्हणजे अनेकांची मागणी पुरविणारा मध्यवर्ती संगणक. शिक्षकाच्या हातातील फोन हा मागणी करणारा ‘क्लायंट’. भरलेली माहिती पडद्यावर दिसली, तरी पाड्यावर संपर्क तुटला असल्यास ती सर्व्हरपर्यंत पोहोचलेली नसते. सर्व्हरकडून तशी पोच मिळेल तेव्हाच नोंद झाली असे समजावे.

‘ट्रान्झॅक्शन’ म्हणजे जे पूर्ण तरी होते किंवा मुळीच होत नाही, असे अनेक पायऱ्यांचे काम. बँकेत एका खात्यातून रक्कम वजा झाली, पण दुसऱ्यात जमा झाली नाही, तर पहिली पायरीही मागे घेतली जाते. त्यास ‘रोलबॅक’ म्हणतात. शाळाबदलाच्या दोन पायऱ्या मात्र दोन निरनिराळ्या शाळांच्या हाती असतात. जुनी शाळा नाव सोडते, तेव्हा ते ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये जाते; नवी शाळा पेन व जन्मतारीख यांच्या आधारे ते आपल्याकडे घेते. या कृतीस ‘इम्पोर्ट’ हा शब्द आहे. ड्रॉपबॉक्स म्हणजे गळती नव्हे. ते दोन शाळांमधील प्रतीक्षास्थान आहे. परंतु तेथून कोणीच नाव उचलले नाही, तर मूल कोणत्याच पटावर राहत नाही आणि अखेर गळतीतच गणले जाण्याचा संभव असतो.

यास्तव कुटुंब गाव सोडण्यापूर्वीच पेन व जन्मतारीख कागदावर लिहून पालकांजवळ द्यावी. नाव सोडल्यावर ते पुढील शाळेने घेतले की नाही, याची काही दिवसांनी चौकशी करावी. पावसाळ्यापूर्वी मूल परतल्यावर हीच दक्षता उलट दिशेने घ्यावी.